पहिलीचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या घराच्या मागच्या खिडक्या दुपारच्या लावून घ्याव्या लागतात. मागे लालबागची मसाल्याची दुकानं. दारात पोत्यांवर मिरच्या ओतलेल्या, बेडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी. आत भट्टीवर मोठ्या कढया आणि त्यात बायका घाम पुसत धणे, लवंगा, दगडफूल परतत असतात. त्याच्याही मागे कुटायची यंत्रं दिवसभर धडधडतात. साऱ्या मुंबईच्या वर्षभराच्या आमट्या या चार-दोन आठवड्यांत इथे तयार होतात आणि त्यांचा ठसका आधी आम्हाला लागतो. टॅक्सीवाले खोकत जातात. पाहुणे म्हणतात, तुम्ही राहता कसे इथे? आम्ही म्हणतो, सवय झाली.

या दिवसांत माझा नवरा अविनाश मागच्या गल्लीतून जात नाही. पुढच्या रस्त्याने लांबचा वळसा घालतो. आमच्या घरात हे न बोलता ठरलेलं आहे. खरं तर सबंध इमारतीत त्यालाच त्या गल्लीचा काही त्रास व्हायला नको. त्याला वास येत नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी वास गेला तो परत आला नाही. अविनाश बँकेत असता, पोस्टात असता, माझ्यासारखा शाळेत असता, तर दूध नासलं का हे बायकोला विचारायचं एक काम वाढलं असतं आणि आयुष्य पुढे गेलं असतं. पण अविनाश बिअर बनवायचा. आणि त्याने बनवलेली एक बिअर आजही या शहरात सगळ्यात जास्त मागितली जाणाऱ्यांपैकी आहे. परळला माझ्या बसथांब्यासमोरच्या दुकानाच्या काचेत तिचे पिवळसर पांढरे डबे रचलेले असतात. बस येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत उभी असते. दुसरीकडे बघावं तर पाठमोरं उभं राहावं लागतं.

तिचं नाव पहिली.

हे नाव माझ्यावरून पडलं. मी परळच्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. लग्नानंतर बरीच वर्षं अविनाश बिस्किटांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता, पण त्याचं मन तिथे नव्हतं. कुणीतरी परदेशातून आणलेली कडवट, दाट वासाची बिअर त्याने कधीतरी प्यायली आणि तेव्हापासून तो बिघडला, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. घरातल्या गणपतीच्या मोठ्या पातेल्यात तो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, उकळायचा. सासूबाईंनी ते पातेलं पुन्हा नैवेद्याला घेतलं नाही, नवीन आणलं.

मला बिअर आवडायची नाही. गिरगावात आमच्या माहेरी मद्य हा शब्द फक्त शब्दकोडं सोडवताना यायचा. अविनाश प्रत्येक वेळी चमचाभर माझ्यापुढे करायचा आणि मी तोंड वाकडं करायची.

"कडुनिंबाचं पाणी आहे हे," मी म्हणायची.

"तुझी जीभ अजून पहिलीत आहे," तो म्हणायचा. मग एका हिवाळ्यात त्याने हट्ट धरला. "थांब, तुझ्या इयत्तेची करतो."

गव्हाची केली. कडूपणा नावापुरता ठेवला. त्यात मागच्या गल्लीतले धणे जरासे भरडून घातले आणि आम्ही सोललेल्या संत्र्यांच्या साली. मला आठवतं, रविवार होता, सासूबाई देवळात गेल्या होत्या. ओट्याशी उभं राहून मी एक घोट घेतला, मग दुसरा, मग अर्धा पेला संपवून पुढे केला. अविनाशने तो भरला. त्याचा चेहरा मात्र उत्तर चुकलेल्या मुलासारखा झाला होता.

"काय झालं? छान आहे की," मी म्हटलं.

"म्हणजे जमली," तो म्हणाला. "बिअर नाही गं ही. बिअरची ओळख आहे. इथून सुरुवात करायची आणि वर चढत जायचं."

पुढे परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात करण नावाच्या एका तिशीतल्या मुलाने बिअरचा छोटा कारखाना आणि पुढे बसून प्यायची जागा काढली. अविनाशने बिस्किटं सोडली आणि तिथे मुख्य बनवणारा म्हणून लागला. त्याच गिरणीत माझे सासरे सूत काढायच्या खात्यात होते. सासूबाईंनी बातमी ऐकली, तांदूळ निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, "बापाशीन थंयसर सूत काढल्यान, आणि झील दारू काढता." पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. त्यानंतर त्यांनी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही.

अविनाशने तिथे बऱ्याच बिअर केल्या. काळी, धुरकट, आंबट, एकदा कोकमाची. त्याच्या जिवाची एकच होती. हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं भरभरून घातलेली, तांबूस, कडक. तिचं नाव त्याने सरळ कडू ठेवलं होतं. तो म्हणायचा, कडू हा तिचा फक्त दरवाजा आहे, आत शिरलं की गवत आहे, पपनसाची साल आहे, पावसात भिजलेलं लाकूड आहे. मी दरवाज्यातूनच परत यायची. बहुतेक लोकही.

आणि पहिली मात्र वाहत होती. 'मी बिअर पीत नाही' म्हणणारे सगळे तिच्यापाशी येऊन थांबले. शेजारच्या मनोऱ्यांतल्या हापिसातल्या मुली यायच्या. शिवाजी पार्कला सकाळी फिरणारे निवृत्त काका शनिवारी दुपारी घोळक्याने यायचे आणि ही औषधासारखी आहे, गव्हाचीच तर आहे, असं एकमेकांना समजावत दुसरी मागवायचे. माटुंग्याहून एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला यायचं आणि दोघांत एक घ्यायचं. नव्या नव्या बिअर आल्या, मिरवल्या, गेल्या. पहिली हलली नाही.

"माझा वर्ग निदान दरवर्षी वर जातो," मी एकदा त्याला चिडवलं.

"माझा नापासांचा आहे," तो म्हणाला. "सगळे पहिलीतच. आणि खूष."

तेव्हा तो हे हसून म्हणायचा.

मग साथ आली. दुसऱ्या लाटेत आम्ही तिघंही आजारी पडलो. सासूबाई वयाने सगळ्यात मोठ्या, पण त्याच सगळ्यात आधी उठून बसल्या. माझा आणि अविनाशचा वास गेला. फोनवर सगळे सांगायचे, येतो परत, आमचा आला. महिना झाला असेल, मी स्वयंपाकघरात फोडणी करत होते. तेलात लसूण टाकला आणि एकदम, कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तसा तो आला. करपायच्या जरा आधीचा, तपकिरी, गोडसर.

"लसूण!" मी ओरडले. "अविनाश, लसूण!"

तो धावत आला. कढईवर वाकला, इतका की मी त्याला मागे ओढलं. डोळे मिटून त्याने दीर्घ श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग गॅस बारीक केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून मी फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

आपला मागे राहिलेला माणूस बघत पुढे जाणं म्हणजे काय, हे मला त्या दाराने शिकवलं. एरवी आम्ही दोघं बरोबरीने आजारी पडलो होतो, बरोबरीने घाबरलो होतो. आता मी बरी होते आणि तो नव्हता, आणि मला बरं झाल्याचा आनंद घरात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

तो साथीचा काळ कसाबसा निभावला. गिरणीच्या आवारातली बसायची जागा बंदच होती, थोडा माल बाटल्यांतून घरपोच जायचा, तोही पहिलीचाच, आणि ती तर डोळे मिटूनही झाली असती. जायफळ, कापूर, निलगिरीचं तेल, लवंग अशा बाटल्या समोर मांडून अविनाश रोज सकाळी त्या हुंगत बसायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी देवासमोर बसल्यासारखा बसायचा. मग पेपर वाचता वाचता. मग बाटल्यांवर धूळ बसली.

मला जो उन्हाळा आठवतो तो त्याच्या पुढच्या वर्षीचा. सगळं पुन्हा उघडलं तो. तोंडावरचे मास्क उतरले आणि माणसं अशी बाहेर पडली की जणू कुणीतरी पुन्हा आत कोंडणार आहे. लालबागच्या गल्लीत दोन वर्षांच्या मसाल्याची गर्दी एकदम उसळली. आणि गिरणीच्या आवारात संध्याकाळी बाहेर रांगा लागायला लागल्या. करण मोहरला होता. कडू पुन्हा विक्रीच्या नळावर येणार होती. फक्त तिला बनवणाऱ्या माणसाला वास येत नव्हता आणि हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर येशील?"

"कुठे?"

"कामावर. सकाळी लवकर. कुणी यायच्या आत."

"मी काय करू तिथे?"

"चाख आणि मला सांग," तो म्हणाला. कपाकडे बघत म्हणाला.

म्हणून त्या मे महिन्यात मी रोज सकाळी त्याच्याबरोबर गिरणीच्या आवारात गेले. एकीकडे काचेचे मनोरे आणि त्यांच्या सावलीत आमची जुनी दगडी भिंत. आत चकचकीत टाक्या, ओल्या फरशा, आणि शिजलेल्या धान्याचा एक उबदार वास, जो मी त्याला रोज सांगायची, जसं एखाद्याला पत्र वाचून दाखवावं. तो प्रत्येक टाकीतून पेल्यात थोडं काढायचा, उजेडात धरून रंग बघायचा, आणि मला द्यायचा.

"लगेच गिळू नकोस. फिरव. आता नाकाने श्वास सोड. काय आहे?"

"संत्रं."

"ते असणारच. मागे काय आहे? ओला पुठ्ठा?"

"नाही."

"उकडलेला मका?"

"नाही रे."

"लोणी? खारी बिस्किटासारखं लोणी?"

"थोडंसं. आहे, हो, आहे!"

"मग कच्ची आहे. हिला अजून दोन दिवस द्यायला हवेत," तो म्हणायचा, आणि मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं. इतकी वर्षं मी त्याच्या कामाच्या दारात उभी होते. त्या उन्हाळ्यात त्याने मला आत घेतलं, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. तरी सांगते, त्या सकाळी चांगल्या होत्या. परतताना आम्ही कोपऱ्यावर उसळ-पाव खायचो. तो भरपूर लिंबू पिळायचा, कारण आंबट कळायचं. आंबट, गोड, खारट, कडू एवढं जिभेला कळतं, बाकीचं सगळं नाकाचं असतं, हे मला तेव्हा समजलं. म्हणजे त्याला कडू चाखली की तिच्यातलं गवत लागायचं नाही, पपनस लागायचं नाही, भिजलेलं लाकूड लागायचं नाही. लागायचं ते कडू. त्याच्या सगळ्या आवडीतलं तेवढंच त्याला ठेवलं होतं.

पहिलीच्या बाबतीत मी चुकत नव्हते. ती माझ्या जिभेवर जन्मली होती, तिच्यात तांदळाएवढा फरक पडला तरी मला टोचायचा. कडूचं तसं नव्हतं.

"कशी आहे?" त्याने पहिल्यांदा कडूचा पेला दिला तेव्हा मी प्रामाणिकपणे म्हटलं, "कडू आहे."

"कशी कडू? मेथीसारखी, कारल्यासारखी, की संत्र्याची बी चावल्यासारखी?"

मी पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले. मनापासून शोधलं.

"नुसती कडू आहे रे."

तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. "परत घे," तो म्हणाला. मी परत घेतली. त्यानंतर रोज घेतली. तो मला हॉप्सच्या फुलांच्या दाबलेल्या गोळ्या चुरगाळून नाकाशी धरायला द्यायचा, पपनस आणून सोलायचा, बागेतलं गवत तोडून आणायचा. मी त्या गोष्टी हुंगायची, मग पेला हुंगायची आणि मला त्यात कडू सोडून काही सापडायचं नाही. कधी कधी तो इतक्या आशेने बघायचा की वाटायचं, म्हणून टाकावं पपनस. एकदाही म्हटलं नाही. खोटं सांगून चाललं नसतं. माझ्या शब्दावर तो टाकी उघडणार होता.

महिना संपत आला तसा घरचा मसाला करायचा राहिला होता. सासूबाई मागे लागल्या होत्या. "धणे नीट बघून घे गो, करपलेले हाडू नको," असं सांगून त्यांनी पिशवी दिली. अविनाश म्हणाला, मीही येतो. त्यालाही कारखान्यासाठी धणे बघायचे होते. दुपार होती. गल्लीच्या तोंडाशीच मिरच्यांचे ढीग उपसून पोत्यांत भरत होते, लाल धूळ उन्हात तरंगत होती. मी पदर नाकाला लावला. आणि माझ्यामागे अविनाश शिंकला.

एक शिंक. मग दुसरी. मग सात-आठ एकामागून एक, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तो भर रस्त्यात उभा राहून हसायला लागला.

"आला!" तो म्हणाला. "मीना, आला! मिरची! नाकात झोंबतीये!"

हमाल बघायला लागले. मी त्याचा हात धरला. शेजारच्या दुकानात एक बाई कढईत धणे परतत होती, नुकते रंगावर आले होते, सगळी गल्ली त्या वासाने गोड झाली होती. मी तिला म्हटलं, मावशी, जरा द्या हो हातावर. तिने झाऱ्याने माझ्या ओंजळीत गरम धणे टाकले. चटका बसत होता तरी ओंजळ तशीच त्याच्या नाकाशी धरली.

"घे," मी म्हटलं.

त्याने श्वास घेतला. तो घेतच राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यावरचं हसू कुठून कसं निघून जातं ते मला पूर्ण दिसलं.

"गरम लागतंय," तो म्हणाला.

झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. मिरची नाक जाळते, त्यासाठी वास यावा लागत नाही. हे त्याला माहीत होतं, रसायनशास्त्राचा माणूस. पण त्या क्षणी तो विसरला होता. त्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, फेका ते, भाजाल." मी ते धणे पिशवीत टाकले. आम्ही मसाला कुटून घेतला, घरी आलो, सासूबाईंनी चिमूटभर हातावर घेऊन हुंगला आणि बरा झाला म्हणाल्या. अविनाश आंघोळीला गेला आणि खूप वेळ बाहेर आला नाही. त्या दिवसापासून तो मसाल्याच्या दिवसांत त्या गल्लीत गेलेला नाही.

जूनमध्ये माझी शाळा सुरू झाली. सकाळची शाळा, माझी निघायची वेळ तीच आणि त्याची चाखायची वेळ तीच. काही दिवस तो बाटलीत थोडं थोडं घरी आणायचा, पण घरी येईपर्यंत त्यातलं काय खरं आणि काय बाटलीचं ते मला कळेनासं झालं. आणि मग कडूची मोठी टाकी नळावर गेली. ती बिघडलेली होती. तिच्यात तो लोण्याचा वास होता, भरपूर. मी शेवटी चाखली होती तिच्यातही तो असणार, पण त्या कडूपणाच्या आड तो मला सापडला नव्हता.

तन्वी नावाची एक मुलगी अविनाशच्या हाताखाली शिकत होती. तिने पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, "सर, ह्यात केवढं बटर आहे. तुम्ही ओके केलंत?" ती हे मोठ्याने म्हणाली नव्हती. पण करण शेजारी उभा होता.

करण ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. त्याने अविनाशला आत बोलावून पाणी दिलं, दार लावलं, विचारलं, आणि अविनाशने सांगून टाकलं. करणचे डोळे भरून आले म्हणे. मग तो म्हणाला, आणि हे अविनाशने मला शब्दन् शब्द सांगितलं आहे, "सर, कडू आपण बंद करूया. तशीही चालत नव्हती. लोकांना पहिली हवीये, आणि पहिलीला आता तुमची गरज नाहीये. ती एकदम सेट आहे. तन्वीपण काढेल. हे तुमचंच क्रेडिट आहे, सर."

इतक्या सभ्यपणे माणसाला त्याच्याच कामातून उठवता येतं, हे मला तेव्हा कळलं. आजही मला करणवर धड रागावता येत नाही, आणि त्याचाच राग येतो. वाईट माणूस भेटला असता तर निदान शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

त्याला काढलं नाही. शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना कारखाना दाखवायचं काम दिलं. आमच्या शाळेतल्या शिंदेबाईंना फार उत्सुकता होती, म्हणून एका रविवारी सकाळी मी त्यांना घेऊन गेले. दहा-बारा माणसांचा घोळका होता. अविनाशने स्वच्छ सदरा घातला होता. तो छान बोलत होता. टाक्या दाखवल्या, माल्ट चघळायला दिलं. मग हॉप्सच्या गोळ्या तळहातावर घेऊन चुरगाळल्या आणि हात एकेकाच्या नाकाशी नेला.

"घ्या वास. काय आठवतं? आधी गवत येईल. थोडं थांबलात की पपनसाची साल."

"अय्या, खरंच हो," शिंदेबाई म्हणाल्या. "पपनस!"

अविनाशने मान डोलावली आणि तो हात शेवटी आपल्या नाकाशी नेऊन डोळे मिटले. लोकांना वाटलं, काय रमलाय माणूस. मी टाकीवरची शिडी बघत राहिले. शिंदेबाईंना पहिल्याच फटक्यात पपनस सापडलं होतं.

काही महिन्यांनी त्याने ते सोडलं. त्यानंतर करणने सगळा कारभार एका मोठ्या कंपनीला दिला. कंपनीने बाकीच्या बिअर बंद केल्या आणि पहिली तेवढी ठेवली, डब्यात भरून शहरभर पाठवली. गिरणीच्या आवारात आता कपड्यांचं दुकान आहे. अविनाश दादरच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. मुलांना आवडतो, असं ऐकते. घरी चव सांगत नाही, मीठ कमी असेल तर घालून घेतो.

मी कधीतरी स्वतःला समजावते की हेही काही कमी नाही. आपल्या नवऱ्याने केलेली वस्तू टिकली, लोक आवडीने घेतात, कितीजणांचं काय टिकतं? पण समजूत अर्ध्यातच संपते. जी टिकली ती त्याला हवी होती ती नव्हे. त्याने ती पायरी म्हणून बांधली आणि लोकांनी तिच्यावर बसून गप्पा मारल्या. यात लोकांचं चुकलं असंही नाही. मी त्यातलीच होते. मला अजूनही तीच आवडते.

गेल्या आठवड्यात अविनाशच्या पुतणीचा, ऋताचा साखरपुडा झाला. माटुंग्याला मुलाकडच्यांची गच्ची होती. विधी, जेवण सगळं दुपारी उरकलं, मोठी माणसं खाली गेली आणि संध्याकाळी तरुण मंडळींनी गच्चीवर बर्फाचा टब आणून ठेवला. त्यात डबे होते. मी अविनाशकडे बघितलं. त्याने आधीच बघितले होते.

तो उठला, एक डबा घेतला, पेल्यात ओतला. रंग उजेडात धरला. फेसाकडे पाहिलं. मग पेला माझ्याकडे आणून दिला. बऱ्याच वर्षांनी.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

मला त्याच्या आवाजात सगळं ऐकू आलं. कंपनी आता सालीऐवजी अर्क घालत असेल, धणे स्वस्तातले असतील, साखर वाढवली असेल, पाणचट केली असेल. असं काहीतरी मी सांगावं. तेवढंच सांगावं. मी घोट घेतला, गिळला नाही, फिरवला, नाकाने श्वास सोडला, त्याने शिकवलं होतं तसं. गहू होता. साल होती, ताजी. धणे मागे होते, जिथे असायला हवेत तिथेच. पुठ्ठा नाही, मका नाही, लोणी नाही. मी दुसरा घोट घेऊन दोष शोधला.

"तशीच आहे," मी म्हटलं.

"अगदी?"

"अगदी तशीच."

त्याने मान हलवली. माझ्या हातातून पेला घेऊन कठड्यावर ठेवला आणि टबाशीच उभा राहिला, कुठे जावं ते न सुचल्यासारखा. तेवढ्यात ऋताची एक मैत्रीण आली, डबा उचलला आणि फोडायला लागली.

"थांब," अविनाश म्हणाला. "आधी आडवा धरून हळूच घोळव. तळाशी बसलेलं वर येऊ दे. मग पेला तिरका."

तिने तसं केलं. फेस काठापर्यंत येऊन थांबला. तिने घोट घेतला, ओठ पुसले.

"मी बिअर पीतच नाही खरं तर," ती म्हणाली. "ही सोडून. काका, तुम्हाला बरं माहिती हे?"

"डब्यावर लिहिलंय," अविनाश म्हणाला.

ती मैत्रिणींकडे निघून गेली. मी टबातला एक डबा काढला, ओला होता तो पदराने पुसला आणि चारही बाजूंनी वाचला. त्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.